शूटआउट हरल्यावर दोषाची वाटणी कशी करावी

फुटबॉलचा सामना बरोबरीत सुटल्यावर निकालासाठी आळीपाळीने किक मारतात, त्या पेनल्टी शूटआउटमध्ये सामना गेला की नाशिकच्या शालेय मैदानांवर दोनच वाक्ये कानावर पडतात. "शेवटच्या पोराने घालवली" हे एक आणि "सरांनी नको त्याला पाठवलं" हे दुसरे. शाळेच्या संघाला काही वर्षे शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की, दोष वाटायचाच असेल तर आधी कोणते काम कोणाचे होते हे कागदावर उतरवावे. खापर कोणाच्या माथी फोडायचे ते नंतर पाहावे.

सामन्याच्या रात्रीच वही घेऊन बसावे. चेंडू पेनल्टीच्या खुणेवर ठेवला जाण्यापूर्वी जे ठरले, म्हणजे किक कोणी मारायची, कोणत्या क्रमाने, सराव कसा झाला आणि शेवटच्या मिनिटांत कोणाला आत-बाहेर केले, ते सारे प्रशिक्षकाच्या नावावर लिहावे. चेंडू ठेवल्यानंतरची धाव, टेकूचा पाय (चेंडूशेजारी रोवायचा तो) आणि कोपऱ्याची निवड किकरच्या नावावर जाते. इथे एक नियम ध्यानात ठेवावा: सामना संपताना जे मैदानावर असतात, त्यांनाच शूटआउटमध्ये किक मारता येते. म्हणून भरवशाच्या मुलाला शेवटी बाहेर काढले असेल, तर त्याच्या जागी गेलेल्याची किक हुकल्यावर वहीतली ती ओळ प्रशिक्षकाचीच असते.

११ जुलै २०२१ रोजी वेम्बलीवर झालेल्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचे तेव्हाचे प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी जादा वेळ संपता संपता रॅशफर्ड आणि सँचो यांना खास पेनल्टीसाठी उतरवले. दोघांचीही किक वाया गेली आणि पाचवी किक १९ वर्षांच्या साकाची होती, तीही इटलीच्या गोलरक्षकाने अडवली. किकर निवडण्याचा निर्णय आपला होता, असे साउथगेट यांनी सामन्यानंतर सांगितले. १९९६ च्या युरो उपांत्य सामन्यात, जुन्या वेम्बलीवर, जर्मनीविरुद्ध त्यांची स्वतःची पेनल्टी हुकली होती.

शेवटच्या किकला जास्त वजन देण्याची सवयही मोडावी लागते. १९९४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना म्हटला की इटलीच्या बाजिओचा बारवरून गेलेला चेंडूच आठवतो. पण त्याआधी त्याच्याच संघातल्या बारेसी आणि मासारो या दोघांच्याही किक हुकल्या होत्या, आणि बाजिओने गोल केला असता तरी ३-३ अशी बरोबरीच झाली असती. ब्राझीलची पाचवी किक अजून बाकी होती. मुलांना हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. १२० मिनिटांत दोन्ही संघांना एकही गोल करता आला नव्हता, हेही शेजारी लिहावे.

आमचा एक पराभव सविस्तर सांगतो. दिवस पावसाळ्याचे होते, मैदान काळ्या मातीचे. सगळ्या किक एकाच गोलपोस्टवर मारायच्या असल्याने, आमचा पाचवा मुलगा आला तोवर फक्कीची खूण चिखलात बुजली होती आणि तिच्या डावीकडे, जिथे टेकूचा पाय पडतो तिथे, चार बोटे खोल खड्डा झाला होता. त्याचा पाय त्यात सरकला, अंग मागे झुकले आणि चेंडू बारवरून गेला. त्या रात्री मी माझ्या नावावर चार ओळी लिहिल्या: सराव भाड्याच्या कोरड्या टर्फवर घेतला, दमलेल्या पायांनी किक मारण्याचा सराव घेतलाच नाही, चिखलात धाव आखूड करायला शिकवले नाही, आणि त्याला पाचवा ठेवले. त्याच्या नावावर एकच ओळ होती: गोलरक्षक हललेला पाहून धावता धावता कोपरा बदलला.

पालकांसमोर त्याच संध्याकाळी बोलावे, मात्र फक्त स्वतःच्या वाट्याच्या चुकांविषयी. मुलाला त्या दिवशी खाऊ घालून घरी पोहोचवावे, एवढे पुरे. पंचांचा विषय काढायचा असेल तर ठोस कारण हवे, जसे की किक मारली जाण्याच्या क्षणीच समोरच्या गोलरक्षकाचे दोन्ही पाय रेषेच्या पुढे आले होते. नाहीतर तो विषय टाळावा.

दुसऱ्या दिवशी मुलाशी एकट्याने बोलावे आणि आधी त्याला बोलू द्यावे. "सगळी चूक माझीच, तुझी काहीच नाही" हे वाक्य मोठेपणाचे वाटते, पण मी ते टाळतो. कोपरा आपणच बदलला हे मुलाला पक्के ठाऊक असते, त्यामुळे सर एकतर खोटे बोलत आहेत किंवा आपल्याला कुकुले बाळ समजत आहेत, असे त्याला वाटते. त्याच्या वाट्याची ओळ त्याला स्पष्ट सांगावी आणि तिच्यासोबत एक काम द्यावे: रोज सराव संपल्यावर, पाय दमलेले असताना, धाव घेण्याआधी कोपरा मोठ्याने सांगून दहा किक मारायच्या. आपल्या ओळींसाठी आपण काय करणार आहोत, तेही त्याला त्याच बैठकीत सांगावे.

मी वही त्याच्यापुढे सरकवली तेव्हा त्याने पान दोनदा वाचले, पेन मागितले आणि माझी चौथी ओळ खोडली. "पाचवा मीच मागितला होता, सर," असे म्हणून त्याने ती ओळ स्वतःच्या नावाखाली लिहिली.