त्रिकोणमितीची समीकरणं सोडवताना या चुका टाळा

पंचवटीत बारावीच्या मुलांच्या वह्या तपासताना दर वर्षी तेच दिसतं. सूत्रं पाठ, कोन पाठ, तरी गुण जातात. लिहिलेलं उत्तर बरोबर असतं, पण अपुरं.

सगळ्यात महागात पडतं ते दोन्ही बाजूंना कॉसने भागणं. हे समीकरण बघा:

२ साइन क्ष × कॉस क्ष = कॉस क्ष (०° ≤ क्ष < ३६०°)

दोन्हीकडे कॉस दिसला की मुलं तो लगेच उडवतात. साइन क्ष = १/२ उरतं, ३०° आणि १५०° लिहून पुढचा प्रश्न. पण कॉस शून्य असला तर? शून्याने भागता येतच नाही. म्हणून सगळं डावीकडे आणा आणि कॉस सामाईक काढा: कॉस क्ष (२ साइन क्ष − १) = ०. आता कॉस क्ष = ० मधून ९०° आणि २७०° सुद्धा मिळतात. चारपैकी दोन उकली आपणच पुसून टाकल्या होत्या! चल असलेल्या पदाने भागायचंच नाही, एवढी सवय मी पहिल्याच आठवड्यात लावून घेते.

वर्ग केला की उलटं होतं, नको त्या उकली घुसतात. साइन क्ष + कॉस क्ष = १ चा वर्ग केला की ०°, ९०°, १८०°, २७०° मिळतात. मूळ समीकरणात १८०° घाला, बेरीज −१ येते. २७०° चंही तेच. खऱ्या उकली दोनच, ०° आणि ९०°. पडताळा घेतल्याशिवाय उत्तराला चौकट करू नका.

साइन २क्ष = १/२ मध्ये मुलं १५° आणि ७५° वर थांबतात. क्षने ब्रह्मगिरी डोंगराभोवती एक फेरी, म्हणजे ३६०°, पूर्ण केली, तेवढ्यात २क्षच्या दोन होतात. म्हणून २क्ष ७२०° पर्यंत मोजा: ३०°, १५०°, ३९०°, ५१०°. निम्मे करा, १९५° आणि २५५° हेही सापडतील.

कॉस क्ष = −१/२ ला ‘−६०°’ लिहू नका, त्याचा कॉस अधिक १/२ असतो. ऋण कॉस दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात, म्हणून १२०° आणि २४०°. साइन क्ष = २ आलं तर ‘उकल नाही’ असं स्पष्ट लिहा.

सामान्य उकल, म्हणजे सगळ्या उकली देणारं सूत्र, विचारली असेल तर कॉसला २एन पाय ± अल्फा, टॅनला मात्र एन पाय + अल्फा (पाय म्हणजे π, १८०°; अल्फा म्हणजे सापडलेली एक उकल). टॅनलाही सवयीने २एन लावलं की निम्म्या उकली जातात. आणि शेजारी ‘एन पूर्णांक आहे’ हे लिहायचंच.