गॅलरीतली बाग वर्षभर कशी चालू ठेवायची

नर्सरीत फुलांनी भरलेलं रोप दिसतं, आपण हौसेने घेऊन येतो आणि महिन्याभरात ते वाळतं, कारण बऱ्याचदा त्याचा सीझनच संपत आलेला असतो. म्हणून माझं सांगणं एकच, फूल किंवा भाजी कधी हवीय ते आधी ठरवा आणि तिथून उलटं मोजून बी टाका. खालचं सगळं पुण्याच्या हवेप्रमाणे लिहिलंय, कोकणात किंवा विदर्भात थोडं मागेपुढे करून घ्या.

सुरुवात मे महिन्यातच करायची. कुंड्या रिकाम्या करून माती ८-१० दिवस कडक उन्हात पसरा, मग दोन भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड असं कालवून परत भरा. कुंडीचं भोक बुजलेलं नाही ना ते नक्की बघा, पावसाळ्यात कुंडीतली झाडं जातात ती बऱ्याचदा पाणी साचून मुळं कुजल्यामुळे.

जूनमध्ये पाऊस नीट सुरू झाला की भेंडी, गवार, दोडका, काकडी लावा, वेलांना मोठी कुंडी आणि चढायला दोरी द्या. गॅलरीत ऊन कमी असेल तर सरळ अळू लावा.

आता झेंडू. दसऱ्याच्या तोरणाला घरची फुलं हवी असतील तर दोन-अडीच महिने आधी बी टाकायचं, म्हणजे साधारण जुलैचा शेवट ते ऑगस्टची सुरुवात, दसरा कधी आहे ते कॅलेंडरमध्ये बघून ठरवा. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, जिवावर येतं पण खुडाच, त्यानेच बाजूने फुटवे येतात आणि झाड डेरेदार होतं.

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की गुलाबाची छाटणी करा आणि मेथी, पालक, कोथिंबीर पेरा. धणे अख्खे टाकू नका, लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा. मेथी महिन्याभरात खुडायला येते, त्यामुळे दर १५ दिवसांनी थोडी थोडी पेरली तर थंडीभर पुरते. टोमॅटो, मिरचीवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि दोन थेंब लिक्विड सोप घालून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालच्या बाजूनेसुद्धा.

मोगऱ्याचं काम जानेवारीच्या शेवटी. आठवडाभर पाणी तोडा, फांद्या छाटा, उरलेली पानं काढा, मग शेणखत देऊन पाणी सुरू करा. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवर येतात, त्यामुळे हे टाळलं तर नुसती पानंच वाढतात.

उन्हाळ्यात माठ आणि अंबाडी छान येते. बाकीच्या नाजूक रोपांवर ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट बांधा, मातीवर पालापाचोळा पसरा, पाणी सकाळी लवकर घाला. मोगरा मात्र नेटखाली ठेवू नका, त्याला भरपूर ऊन लागतं.