मुगाच्या अंकुराची फिल्म: शाळेत, साध्या मोबाइलवर

दादासाहेब फाळके मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. 1912 साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा, 1913 चा. चित्रकला आणि तंत्रज्ञान एकत्र का शिकवायचं, असं पालकांनी विचारलं तर हाच प्रयोग वर्गात करून दाखवावा. सातवी-आठवीच्या मुलांना सहज जमतो.

वाटाण्याऐवजी मूग घ्या, लवकर रुजतो. आठ तास भिजवून काचेचा पेला आणि ओला टिपकागद यांच्या मधे तीन-चार दाणे अडकवा, म्हणजे मूळही दिसतं. तळाशी सेंटिमीटरभर पाणी पुरे. दाणे बुडाले तर कुजतात आणि वर्गभर वास सुटतो. पेल्यावर झाकण ठेवू नका, काचेवर बाष्प धरतं.

मागे काळा कार्डपेपर लावा. चौकट ठरवताना दाणा मधोमध ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो खालच्या तिसऱ्या भागात ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी शेंडा चौकटीबाहेर गेलेला असतो. ही चूक आधी कागदावर चौकट आखून अंकुराची उंची रेखाटली तरच टळते. कॅमेरा ती सांगत नाही.

मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा, चार्जरला जोडा आणि एअरप्लेन मोडवर टाका. ठरावीक वेळाने फोटो काढणारं ॲप लागेल. दर दहा मिनिटांनी एक म्हणजे दिवसाला 144, पाच दिवसांत 720 फोटो. सेकंदाला 12 या वेगाने बरोब्बर एक मिनिटाची फिल्म होते. एक फोटो 3 एमबीचा धरला तर दोन जीबीहून थोडी जास्त जागा मोकळी हवी.

बहुतेक फिल्म बिघडतात त्या उजेडामुळे. खिडकीतलं ऊन बदलतं, ऑटो एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा हे कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं) दर फोटोला नवा हिशोब करतं आणि चित्र लुकलुकतं. म्हणून खिडकी पूर्ण झाका, एकच एलईडी दिवा पाचही दिवस चालू ठेवा. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे कॅमेरा करतो ती रंगांची जुळणी) तिन्ही लॉक करा. दिवा वरून, किंचित समोरून असावा. एका बाजूला ठेवलात तर रोपं तिकडे झुकतात. (दुसऱ्या गटाला मुद्दाम तसं करू द्या, बघण्यासारखं असतं.) वीज जाणाऱ्या गावात चार्जिंगचा दिवा आणि पॉवर बँक लागेलच.

फोटो निघत असताना मुलांना वही-पेन्सिल घेऊन रोज दोनदा अंकुर काढायला लावा, सोबत मिलिमीटरमध्ये उंची. मुगाची दोन दळं (दाण्याचे दोन भाग) देठाबरोबर वर उचलली जातात, वाटाण्याची मात्र मातीतच राहतात. फिल्ममध्ये हा क्षण झर्रकन निसटतो, पण ज्याने देठाचा बाक हाताने काढला त्याला तो नेमका सापडतो. फिल्म जोडताना तेवढ्या भागाचा वेग सेकंदाला 6 फोटो करा. नावं संगणकावरच्या फॉन्टऐवजी मुलांनी ब्रशने लिहावीत आणि त्या कागदाचा फोटो त्याच दिव्याखाली काढावा. वेगळ्या उजेडातला पांढरा कागद पिवळट दिसतो.