वर्डप्रेसचा एडिटर मोकळा करताय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

एक बाजारभावाची साइट मी सांभाळतो, वर्डप्रेसवर, म्हणजे साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर. नागपूरच्या कळमना बाजारात आज संत्रा काय भावानं गेला ते टाकायचं, बस. टाकणाऱ्या काकू धंतोलीतल्या घरून टाकतात, जुना बारका लॅपटॉप, एडिटर (पोस्ट लिहायचा स्क्रीन) उघडला की वर प्लगिनच्या, म्हणजे जोडसॉफ्टवेअरच्या नोटिसा, उजवीकडं टॅग, एक्सर्प्ट (सारांश), डिस्कशन असे पॅनल, खाली एसईओचा (गुगलमध्ये वर दिसण्यासाठीचा) भलामोठा डबा आणि लिहायला मधात वीतभर जागा. म्हटलं काकू, दहा मिनिटांत साफ करून देतो.

ती दहा मिनिटं पंधरा दिवस पुरली. त्यांच्या एडिटरमधल्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन धडाधड पॅनल बंद केले, त्यात कॅटेगरीचाही गेला. संत्र्याचा ऐन आंबिया बहार, म्हणजे हंगाम, रोजच्या चार-पाच नोंदी, आणि नंतर बघतो तर सगळं अनकॅटेगराइज्डमध्ये, म्हणजे बिनवर्गाच्या ढिगात पडलेलं! काहीच निवडलं नाही तर वर्डप्रेस पोस्ट डिफॉल्ट कॅटेगरीत ढकलतं, एरर वगैरे काही देत नाही, त्यामुळं कळतही नाही. आता सेटिंग्जमध्ये रायटिंगखाली डिफॉल्टच 'बाजारभाव' करून ठेवलीय. लपवण्याआधी माणसाशेजारी बसून एक पोस्ट टाकताना बघा, कुठं कुठं क्लिक करतो ते.

दुसरी चूक जवळपास सगळेच करतात. आपल्या ॲडमिन लॉगिनमधून पॅनल बंद करायचे आणि 'झालं' म्हणून फोन करायचा. या सेटिंग्ज ज्याच्या त्याच्या युजरला लागू असतात, तुमचा स्क्रीन चकाचक आणि समोरच्याचा कचरा तसाच. वर्डप्रेसच्या ६.१ व्हर्जनच्या आधी तर त्या ब्राउझरमध्येच राहायच्या, ब्राउझर बदलला की पसारा परत हजर.

आणि लपवणं म्हणजे कुलूप लावणं नाही बाप्पा. मेनू सीएसएसनं (स्क्रीनचं रूप ठरवणाऱ्या कोडनं) झाकला किंवा 'रिमूव्ह मेनू पेज' या फंक्शननं काढला तरी परवानगी असलेला माणूस पत्ता टाइप करून आत जातोच. खरं काम रोलचं आहे, म्हणजे कोणाला किती परवानगी द्यायची त्याचं. काकूंना कोणीतरी कधीतरी ॲडमिन करून ठेवलेलं (मीच असणार). ऑथर (फक्त स्वतःच्या पोस्ट टाकणारा रोल) केलं तर प्लगिन, थीम, पेजेस हे मेनू आपोआप गेले आणि बऱ्याच नोटिसाही, एक ओळ कोड नाही.

कोडनं ब्लॉक (पॅराग्राफ, लिस्ट, बटन असे पोस्टचे तुकडे) कमी करत असाल, म्हणजे ५.८ पासूनचा 'अलाउड ब्लॉक टाइप्स ऑल' फिल्टर, तर जोडीनं द्या. लिस्ट दिला आणि लिस्ट-आयटम विसरला की लिस्ट चालत नाही, तसंच कॉलम्ससोबत कॉलम, बटन्ससोबत बटन. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली, प्लगिनला शिव्या देत.

काही गायब झालं तर घाबरू नका. डावा मेनू दिसत नसेल तर फुलस्क्रीन मोड चालू आहे, ५.४ पासून तो आधीपासूनच चालू येतो. उजवी पट्टी गेली तर पब्लिश बटनाशेजारच्या आयकॉनवर क्लिक करा. पॅनल हरवला तर वरचे तीन टिंब, मग प्रेफरन्सेस.

परवा काकूंचा फोन, "अरे, सगळंच गेलं रे, नुसता कागद उरला." डिस्ट्रॅक्शन फ्री मोड, म्हणजे सगळ्या पट्ट्या लपवणारा, ६.२ मधला, चुकून दाबला गेला असणार. म्हटलं माउस वर न्या, पट्टी येते, आणि कंट्रोल शिफ्ट बॅकस्लॅश दाबलं की पहिल्यासारखं होते. थोडा वेळ काही आवाजच नाही.

"राहू दे असंच," म्हणाल्या, "बरं वाटते."