घरचा चोर-अलार्म स्वतः बसवताय? या चुका टाळा

चवथीला घर बंद करून गावी जायचे म्हणून आदल्या आठवड्यात अलार्मचा किट आणायचा, रविवारी दुपारी भिंतीवर ठोकायचा आणि सोमवारी कुलूप लावून निघायचे. ही घाई गोव्यात दर वर्षी दिसते. विनाकारण वाजणारा अलार्म शेजारी चार वेळा सहन करतात, पाचव्यांदा खिडकीतूनही डोकावत नाहीत. मग तो असून नसल्यासारखाच.

सर्वांत जास्त गोंधळ मोशन सेन्सरच्या जागेचा. हा सेन्सर माणूस ओळखत नाही. त्याच्या नजरेतल्या अदृश्य पट्ट्यांतून उष्णता सरकली की तो वाजतो, मग ती माणसाची असो वा उन्हाची. म्हापशाजवळच्या एका कौलारू घरात तो हॉलच्या कोपऱ्यात, अगदी योग्य उंचीवर लावला होता. पण समोर छपरात काचेचे कौल. सकाळी साडेआठनंतर त्यातून कवडसा लाल कोब्यावर पडायचा. ढग सरला की कोबा तापायचा, ढग आला की निवायचा, आणि सायरन सुरू. चवथीच्या दोन दिवसांत तो पाच वेळा वाजला. शेजाऱ्यांनी मेन स्विच पाडला तरी थांबेना, कारण आत बॅटरी होती. घरच्यांनी परतल्यावर सेन्सर उघडला तर मागच्या बाजूला मुंग्यांची माती आणि पांढरी अंडी. वायरसाठी चिऱ्याच्या भिंतीत पाडलेले भोक तसेच उघडे सोडले होते. म्हणजे एकाच सेन्सरमध्ये दोन चुका.

उंची सात ते आठ फूट ठेवा. चोर सेन्सरच्या दिशेने चालत न येता समोरून आडवा जाईल, असा कोपरा निवडा. खिडकी, काचेचे कौल, फ्रिजची मागची बाजू, पंख्याने हलणारा पडदा यांपैकी काहीही समोर नको. वायर ओढून झाली की भोक सिलिकॉनने बुजवा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला भिंग कोरड्या फडक्याने पुसा. पाल त्यावर बसली की सेन्सरला ती माणसाएवढी मोठी वाटते. संवेदनशीलता कमी करून वेळ मारून नेणे मला अजिबात पसंत नाही. जागा चुकली असेल तर जागाच बदला.

दुसरी चूक डोळ्यांना दिसतच नाही. वायरच्या झोनबरोबर (म्हणजे दारावरच्या स्विचपासून अलार्मच्या मुख्य पेटीपर्यंत, पॅनेलपर्यंत, येणाऱ्या वायरीबरोबर) मिळणारा छोटा रेझिस्टर बरेच जण सोयीसाठी पॅनेलच्या टर्मिनलमध्येच खोचून टाकतात. पॅनेल हिरवा दिवा दाखवते आणि काम झाले असे वाटते. पण मधल्या वायरीच्या दोन तारा कुणी एकमेकींना जोडल्या तर दार सताड उघडले तरी पॅनेलला ते बंदच दिसेल. रेझिस्टर दाराच्या टोकाला, स्विचच्या सिरीजमध्येच, म्हणजे त्याच तारेत स्विचला लागून, हवा. तपासायला दोन मिनिटे लागतात. दोन्ही तारा पॅनेलमधून सोडवा, दार बंद ठेवा आणि मल्टीमीटर लावा. माहितीपत्रकातली किंमत, समजा २.२ किलोओहम, दिसली तर ठीक. शून्याच्या आसपास दिसले तर रेझिस्टर चुकीच्या टोकाला आहे. दार उघडल्यावर सर्किट पूर्ण तुटलेले दिसायला हवे.

दाराचा मॅग्नेट (फळीवर चुंबक, चौकटीवर स्विच) बसवताना पावसाळा लक्षात ठेवा. मे महिन्यात चपखल बसणारी लाकडी फळी जुलैत फुगते आणि चौकटीपासून बाहेरच राहते. दोन भागांत बंद दारी पाच-सहा मिलिमीटर अंतर ठेवले की फुगल्यावरही थोडी जागा उरते. लोखंडी ग्रीलला साधा मॅग्नेट चालत नाही, लोखंडासाठीचा वेगळा घ्या.

बॅटरी साधारण १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची असते. पॅनेल, सेन्सर, कीपॅड आणि जीएसएम (सिमवरून फोन लावणारा भाग) मिळून २०० मिलिअँपिअर खेचत असतील तर कागदावर ३५ तास निघतात. भरवसा मात्र एका दिवसाचाच धरा. बसवल्याची तारीख मार्करने बॅटरीवर लिहा आणि तीन वर्षांनी ती बदला. सायरनचे टर्मिनल समुद्राच्या हवेने हिरवे पडतात, त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा.

सिमचे पिन-लॉक बंद करून ठेवा आणि रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा. वायरलेस सेन्सर चिऱ्याच्या जाड भिंतींमागे सिग्नल गमावतो, म्हणून स्क्रू आवळण्याआधी हातात धरून तपासा. ११२ हा नंबर ऑटो-डायलरमध्ये, म्हणजे अलार्म वाजला की आपोआप फोन लावायच्या यादीत, टाकू नका. आधी शेजारी आणि घरच्यांचे नंबर, पोलिसांना फोन माणसानेच करावा.

मेन स्विच बंद करून (अलार्म बॅटरीवर चालेल), सेन्सरला स्थिरावायला एक मिनिट देऊन, प्रत्येक खोलीतून चोरासारखे चालून पाहा. ही चाचणी कुलूप लावायच्या किमान आठवडाभर आधी करा, म्हणजे विनाकारण वाजलाच तर घरात कुणीतरी असेल.