जलरंगाचा वॉश आणि खोडरबराचा ठसा: शुभेच्छापत्र घरी कसे करावे

ठसे आणि जलरंग वापरून केलेले कार्ड बिघडते ते बहुधा कामाचा क्रम चुकल्यामुळे. कागदात ओल असताना ठसा मारला की शाई तंतूंमधून पसरते आणि रेषेच्या कडांना बारीक फाटे फुटतात. उलट, पाण्यात विरघळणाऱ्या शाईचा ठसा आधी मारून त्यावर रंगाचा ब्रश फिरवला, तर शाई रंगात उतरते आणि सगळे काळपट होते. म्हणून आधी वॉश (म्हणजे पाणीदार जलरंगाचा पातळ थर), मग पूर्ण वाळवणे, सपाट करणे, कापणे, त्यानंतर ठसा आणि सर्वांत शेवटी चिकटवणे, असे ठरवून टाकावे.

घडी घातलेल्या कार्डावर थेट रंगवू नये. पाण्याने कागद फुगतो, वाकतो, आणि कार्ड नीट मिटत नाही. रंगकाम वेगळ्या कागदावर करून त्याचा तुकडा कार्डाच्या दर्शनी बाजूवर चिकटवला की ही अडचण राहत नाही. शिवाय एकाच वॉशमधून चार कार्डे निघतात.

मापे आणि कागद

वॉशसाठी ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जलरंगाचा कागद घ्या. २०० जीएसएमचाही चालतो, पण तो जास्त वाकतो. कोल्ड प्रेस कागदाला खरखरीत पोत असतो. त्यावर वॉश सुंदर बसतो, पण ठसा तुटक उमटतो, कारण शाई फक्त उंचवट्यांना लागते. हॉट प्रेस कागद गुळगुळीत असल्याने त्यावर बारीक रेषांचा ठसा स्वच्छ येतो. मात्र वॉशमधली प्रत्येक चूक उघडी पडते. ठसा ठळक आकाराचा असेल तर कोल्ड प्रेस, नाजूक रेषांचा असेल तर हॉट प्रेस, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

कार्डासाठी २२० ते २५० जीएसएमचा साधा कार्डशीट लागतो. ए४ कागदाची लांबी मधोमध कापली की २१० × १४८ मिमीचे दोन तुकडे मिळतात. २१० मिमीची बाजू मध्यावर दुमडली की १०५ × १४८ मिमीचे, म्हणजे ए६ मापाचे कार्ड तयार होते. ते सी६ पाकिटात (११४ × १६२ मिमी) व्यवस्थित बसते. दुमडण्याआधी कागदाच्या तंतूंची दिशा पाहा. कागद न मोडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवायचा. ज्या दिशेने तो सहज गोल होतो, त्या गोलाईच्या अक्षाला समांतर तंतू असतात. घडी तंतूंना समांतर आली तर धार स्वच्छ येते, आडवी आली तर कागद घडीवर फुटतो आणि पांढरे तंतू दिसू लागतात. घडीच्या रेषेवर पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने एकदा दाबून खाच पाडा. त्या खाचेचा उंचवटा घडीच्या आतल्या बाजूला जाईल अशा रीतीने दुमडा.

रंगवलेला तुकडा ९५ × १३८ मिमीचा ठेवला की कार्डावर चारही बाजूंनी ५ मिमीची पांढरी चौकट उरते. ए४ जलरंगाच्या कागदाच्या कडांवर १० मिमी आत येईल अशी मास्किंग टेप लावली, तर मधल्या १९० × २७७ मिमीच्या जागेत असे चार तुकडे नेमके बसतात.

वॉश

कागद गुळगुळीत फळीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवा. टेप नखाने दाबत जा. जिथे सैल राहील तिथे रंग आत शिरेल. फळीच्या वरच्या कडेखाली तीन-चार सेंटिमीटर जाडीचे पुस्तक सरकवून तिला उतार द्या.

रंग आधीच पुरेसा कालवून ठेवायचा. ए४ कागदासाठी चहाचे तीन चमचे पाणी आणि ट्यूबमधला दोन वाटाण्यांएवढा रंग घेऊन सुरुवात करा. रंगद्रव्यानुसार कमी-जास्त करावे लागेल. रंग मध्येच संपला आणि नवा कालवेपर्यंत कड वाळली, तर तिथे कायमची रेघ राहते. वाळल्यावर जलरंग फिका पडतो, त्यामुळे ओला असताना किंचित गडद वाटेल असाच ठेवा.

एक इंच रुंदीचा सपाट ब्रश पूर्ण भरून वरच्या कडेने आडवा पट्टा ओढा. त्याच्या खालच्या काठावर रंगाची लांब थेंबरेषा साठलेली दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर ब्रश कोरडा आहे. पुढचा पट्टा त्या थेंबरेषेला जेमतेम स्पर्श करीत ओढा आणि अशाच प्रकारे ती खाली खाली नेत राहा. मागे वळून दुरुस्ती करू नका. शेवटी तळाशी साठलेला रंग पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या. तो तसाच ठेवला, तर वाळत आलेल्या भागात परत चढतो आणि त्याची फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दातेरी कड उमटते. वॉश पूर्ण वाळेपर्यंत फळी उतरतीच ठेवा.

दोन रंग एकमेकांत मिसळलेले हवे असतील तर आधी नुसते पाणी फिरवा. पाण्याची थारोळी जिरून कागदावर एकसारखी चकाकी उरली की वरून एक आणि खालून दुसरा रंग सोडा, आणि मधल्या भेटीत ब्रश घालू नका. पिवळा आणि निळा, पिवळा आणि गुलाबी, निळा आणि गुलाबी या जोड्या स्वच्छ मिसळतात. नारिंगी आणि निळा, किंवा तांबडा आणि हिरवा एकत्र आले की मातकट होतात. चकाकी मावळू लागताच मिठाचे चार-पाच दाणे टाकले तर छान फिके तारे उमटतात. मात्र वाळल्यावर मीठ पूर्णपणे झाडून टाका, कारण उरलेले मीठ हवेतली ओल ओढते आणि त्यावरची शाई वाळत नाही.

वाळले की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. हाताची मागची बाजू कागदाला लावा. गार लागला तर आत ओल आहे. टेप काढताना ती कागदाजवळून, बाहेरच्या दिशेने, तिरकी आणि सावकाश ओढा. कागदाचा थर तिच्याबरोबर निघू लागला तर केस वाळवण्याच्या यंत्राने टेप जराशी गरम करा, म्हणजे गोंद सैल होतो.

वाकलेला कागद सपाट करण्यासाठी त्याच्या मागच्या बाजूला किंचित ओलसर स्पंज फिरवा, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवा आणि वर जड पुस्तकांचा ढीग रचून रात्रभर सोडा. हे टाळले तर ठसा मध्येच पुसट येतो. नंतर पट्टी आणि कटरने चार तुकडे कापून घ्या.

ठसा

मऊ, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खोडरबरावर पान, पक्षी, चांदणी असे साधे आकार सहज कोरता येतात. ट्रेसिंग पेपरवर ४बी म्हणजे मऊ, गडद पेन्सिलीने आकृती काढा, तो खोडरबरावर पालथा ठेवा आणि मागून नखाने घासा. आकृती उलटी उतरते आणि छापताना पुन्हा सुलटी होते, त्यामुळे अक्षरांसाठीही हीच युक्ती चालते.

कोरताना पाते रेषेपासून बाहेरच्या बाजूला कललेले ठेवा, म्हणजे उठावाचा पाया रुंद राहतो. पाते आत कलले तर रेष खालून पोखरली जाते आणि दोन-चार ठशांत तुटून पडते. खोली २ ते ३ मिमी पुरे. वळण घेताना पाते स्थिर ठेवून खोडरबर फिरवायचा. गोलाई त्यानेच गुळगुळीत येते. दुसऱ्या हाताची बोटे कधीही पात्याच्या वाटेत नकोत.

शाई लावताना ठसा पॅडवर दाबण्याऐवजी तो उताणा धरून त्यावर पॅड हलके टपटपवा. दाबल्याने खाचांमध्ये शाई भरते आणि नक्षी बुजते. कागदाखाली २-३ मिमी जाड फोमचा तुकडा ठेवा, विशेषतः कोल्ड प्रेस असेल तर. ठसा सरळ टेकवा, न डोलवता तीन-चार सेकंद दाबा आणि सरळ वर उचला. डोलवला की कडेला दुहेरी रेष येते. पहिला ठसा नेहमी रद्दी कागदावर. खाचेत राहिलेले उंचवटे तिथेच दिसतात आणि कोरून काढता येतात.

वाळलेल्या वॉशवर पिगमेंट शाई, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली शाई, सर्वांत ठळक दिसते, पण ती कागदाच्या वरच बसते आणि सावकाश वाळते. रंगद्रवाची म्हणजे डाय शाई लवकर सुकते, पण ती पारदर्शक असल्याने खालचा रंग तिच्यात मिसळून दिसतो: पिवळ्यावर निळी शाई हिरवट होते. ठशाची बाह्यरेषा आधी छापून आत रंग भरायचा असेल, तर वाळल्यावर पाण्याला दाद न देणारी शाईच लागते. त्याच कागदाच्या तुकड्यावर छापून, वाळवून, ओला ब्रश फिरवून खात्री करा. पॅडवर काय लिहिले आहे त्यापेक्षा ही चाचणी विश्वासाची.

ठशावर थेट जलरंग लावायचा झाल्यास तो थेंब थेंब होऊन घसरतो. ठशाच्या पृष्ठभागावर कोरडा साबण हलकाच घासा, रंग दाट घ्या आणि लावताक्षणी छापा.

जोडणी

द्रव गोंदातल्या पाण्याने सपाट केलेला तुकडा पुन्हा वाकतो, म्हणून ६ मिमी रुंदीची दुहेरी टेप वापरा: चारही कडांना एकेक पट्टी आणि मधोमध एक. सगळ्यांवरचा कागद एकदम सोलू नका. वरच्या पट्टीचा सोला, ५ मिमीची कड जुळवा आणि मग बाकीचे काढून तुकडा खाली बसवा. शाई वाळली आहे याची खात्री झाल्यावरच कार्ड पाकिटात घाला. पिगमेंट शाई असेल तर एक रात्र थांबा.

काम झाल्यावर ठसा ओल्या फडक्याने पुसा आणि कागदात गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या डब्यात उघडा टाकला, तर खोडरबरातले मऊपणा आणणारे द्रव्य डब्याच्या प्लॅस्टिकला लागते, दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना कोरलेली नक्षी जाते.