भुसा ओढणारं यंत्र घेताय? आधी फिल्टर बघा

सुतारकामाची पहिली दोन वर्षं मी झाडूवर काढली. काम झालं की ढलप्या लोटायच्या, पोत्यात भरायच्या, खोली लख्ख. एका रात्री मध्येच वीज गेली. टॉर्च लावली, तर झोतात पिठासारखी धूळ निवांत तरंगत होती. सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करणारं यंत्र) बंद करून चांगला अर्धा तास झाला होता आणि तेवढा वेळ मी मास्क काढून तिथेच बसले होते. दिवे घालवून टॉर्च आडवी धरा, तुमच्याही खोलीत दिसेल.

झाडूने निघतो तो भुसा पसारा करतो, एवढंच. फुप्फुसात खोलवर जाते ती 10 मायक्रॉनहून बारीक धूळ, म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्श्याहून लहान. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्यात मुख्य धोका नाक आणि सायनसचा. म्हणून माझा खरेदीचा क्रम असा: आधी फिल्टर, मग पाइप, सगळ्यात शेवटी मोटर. दुकानदार नेमका उलट सुरू करतो, ‘किती हॉर्सपॉवर पाहिजे?’

जुन्या पद्धतीची कापडी पिशवी बहुतेकदा 30 मायक्रॉनची असते. ढलप्या आत राहतात आणि बारीक पीठ कापडातून गाळून परत खोलीत येतं. असं यंत्र तुमची धूळ फक्त चाळून देतं. 1 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक फिल्टर मागा. हेपा मिळाला तर उत्तमच, तो 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. मात्र फिल्टरचं क्षेत्रफळ मोठं हवं. चुण्याचुण्यांचा कार्ट्रिज, म्हणजे नळकांड्यासारखा फिल्टर, त्यासाठीच असतो. बारीक पण इवलासा फिल्टर दोन दिवसांत तुंबतो आणि ओढ मरते.

आता यंत्राची जात. व्हॅक्यूम क्लीनर अरुंद नळीतून थोडीच हवा, पण जोरात ओढतो. डस्ट कलेक्टर रुंद पाइपातून भरपूर हवा हलवतो, जोर मात्र बेताचा. एक फुंकणी, दुसरा पंखा. सँडर, राऊटर (लाकडात खाचा कोरणारं यंत्र), हातातली गोल करवत यांची तोंडं लहान. तिथे व्हॅक्यूमच चालतो. रंधा मशीन, थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची करणारं यंत्र), टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) यांना कलेक्टर लागतो. थिकनेसरला व्हॅक्यूम लावण्याचा हट्ट मी केलाय. दुसऱ्याच फळीला नळीत ढलप्यांचा बोळा बसला आणि तो काढायला सळई घालावी लागली.

पाइपाचं गणित एकदा वहीत मांडा. भुसा वाटेत न बसता वाहत राहायचा तर पाइपातली हवा मिनिटाला साधारण 4000 फूट वेगाने जायला हवी. 4 इंची पाइपात त्यासाठी मिनिटाला सुमारे 350 घनफूट हवा लागते, म्हणजे 350 सीएफएम. 6 इंचीला हाच आकडा 785 च्या आसपास जातो. खोक्यावर 1200 छापलेलं बघून हुरळू नका. तो आकडा बहुधा पाइप न लावता, फिल्टर काढून मोजलेला असतो. मी त्याचा निम्माच धरते.

लवचीक, वळ्यावळ्यांचा पाइप दिसायला सोयीचा, पण गुळगुळीत पाइपाच्या मानाने तो कितीतरी जास्त ओढ खातो. मशीनला जोडायला लागेल तेवढाच तुकडा घ्या. काटकोनी एल्बोऐवजी 45 अंशांचे दोन जोडा. आणि 4 इंचावरून मध्येच अडीच इंचावर उतरू नका, वाट अडीच पटीने आक्रसते. खोली लहान असेल तर भिंतीवरून पाइपांचं जाळं फिरवण्याच्या भानगडीत मी तरी पडणार नाही. एका वेळी एकच मशीन चालवता ना? मग चाकांवरचा कलेक्टर आणि एक आखूड पाइप, इकडून काढला की तिकडे लावला.

व्हॅक्यूम घेतलात तर त्याच्या आधी सायक्लोन बसवाच. हवा आत गरगरते, जड भुसा कडेला फेकला जाऊन खालच्या बादलीत पडतो आणि फिल्टर कितीतरी दिवस मोकळा राहतो. यात एक खोच आहे. माझी पहिली बादली पातळ प्लास्टिकची होती. नळीचं तोंड एका फळकुटाने बंद झालं, ‘फट्ट’ आवाज आला आणि बादली लाथ मारल्यासारखी आत चेमटली. जाड भिंतीचा पिंप घ्या. झाकणाला हवाबंद गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी पट्टी, हवीच. खालून हवा शिरली तर खाली पडलेला भुसा पुन्हा वर उडून थेट फिल्टरमध्ये जातो.

काही जण फिल्टरच टाळून हवा घराबाहेर सोडतात. चालतं, पण तेवढीच हवा आत यायला वाट हवी. बंद खोलीत गॅसचा गीझर किंवा शेगडी असेल तर त्यांचा धूर उलटा आत खेचला जाऊ शकतो. तिथे हा प्रकार नकोच.

मोटरला स्वतंत्र लाइन आणि नीट अर्थिंग द्या, चालू होताना ती बराच करंट खेचते. ग्राइंडर मात्र या पाइपाला कधीच जोडू नका. लोखंडाची ठिणगी भुशात तासन्‌तास धुमसते आणि आग रात्री लागते. जमिनीवरचे खिळे-स्क्रूही ओढू देऊ नका.

एवढं करूनही सँडिंगला मी एन95 मास्क लावते आणि काम थांबल्यावर यंत्र आणखी दोन मिनिटं चालू ठेवते. पिशवी उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून रिकामी करायची. मास्क तेव्हाही नाकावर, कारण दिवसभराची सगळी धूळ त्या एका झटक्यात बाहेर येते.